हसत्या नाकाचं माप

तुमचं नाक किती रुंद आहे, सांगता येईल? माझं अडतीस मिलिमीटर आहे. मला हे ठाऊक आहे, कारण माझे मामा चंद्रपुरात दातांचे डॉक्टर होते, आणि माणसाच्या तोंडाकडे त्यांच्याइतक्या आदराने पाहणारा दुसरा कोणी या जंगलमुलखात जन्मला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला उठले, की वरणाची बादली खाली आणि खिशातलं माप घ्यायचं कॅलिपर समोरच्याच्या नाकपुड्यांना. "नाक जेवढं रुंद, तेवढंच एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत," ते सांगत. चेहऱ्याची रुंदी भागिले सोळा, की कवळीतल्या पुढच्या दाताची रुंदी मिळाली. एकदा एसटीच्या कंडक्टरचं माप घेता घेता गोंडपिपरीचा थांबा मागे राहिला. गाडीभर आरडाओरडा, आणि कंडक्टर घंटीची दोरी सोडून मान वर करून उभा!

पण या वेडाला धार होती. त्या काळी फुकट शिबिरांत सगळ्यांना एकाच मापाचे दात बसवत. गरिबाचं तोंड कोण मोजतो? मामा कडाडत, "समता म्हणजे साऱ्याईले एकच दात नाई रे!"

धानोऱ्याकडची एक बाई अशीच शिबिराची कवळी घेऊन आली. बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या वतीने सभेत तीच बोलायची. ठेकेदार टरकून असत. बारीक दात बसले आणि भर सभेत ठेकेदाराचा माणूस ओरडला, "बोल ना, उंदीरबाई!" तेव्हापासून ती गप्प. हंगाम तोंडावर आलेला, आणि दुसरं बोलणारं कोणी नाही.

"हासू नका बाई, नाक पसरते," कॅलिपर लावत मामा म्हणाले.

"मंग का रडू, भाऊ?" ती खदखदली. मामाही हसले, आणि हसतानाचंच माप लिहिलं गेलं. दात एक माप मोठे झाले. मामा शरमले, बदलून देतो म्हणाले.

"काऊन? मी दात गप बसाले घेतले का? राहू द्या."

त्या हंगामात ती सभेत उभी राहिली. मी मागे पत्रकं वाटत होतो. शब्दन् शब्द तिथवर आला. ठेकेदाराचा माणूस मातीकडे पाहत राहिला. मामा मात्र हळहळले, "दात दिसणारा एखादा जुना फोटो असता, त नेमके तिचेच दात देले असते."

तिचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. आता मामा नाहीत, आणि त्यांचाही हसरा फोटो आमच्याकडे नाही. म्हणून एवढं करा: घरातल्या थोरांचे पुढचे दात शाबूत आहेत तोवर, त्यांना पोटभर हसवा आणि एक फोटो काढून ठेवा.