यंत्राखालचे तांदूळ

फायबरच्या बोटीला लावतात त्या रेझीनचा उग्र वास आला की मला दांडी गावातली आमची बोट आठवते, आणि तिच्यात चोरासारखी वाकलेली मी. सरावलीचा एक मेकॅनिक आवाज सोडून समुद्राची खोली सांगणारं यंत्र बसवायला आला होता. वाटीएवढा सेन्सर त्यानं बोटीच्या तळाला आतून ओल्या रेझीनमध्ये दाबला आणि बजावलं, “वहिनी, हात लावू नका. खाली हवा राहिली तर आवाज समुद्राच्या तळापर्यंत जायचा नाय.” मग तो चहाला गेला. आदल्याच वर्षी माझा दीर खडकावर बोट फुटून बुडाला होता, म्हणून मी शहाणीनं सेन्सर उचलला, खाली देवीपुढचे कुंकवाचे तांदूळ टाकले आणि परत दाबून ठेवला. देवीला पुढचा खडक दिसायला नको का! दुसऱ्या दिवशी खाडीत पडद्यावर नुसत्या रेघा नाचल्या, आकडा काही उमटेना. “काम येत नाय तर येतोस कशाला?” नवरा सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला, आणि मी पदर तोंडात धरून गप्प. पुन्हा दांडीत त्याला कुणी काम दिलं नाही. नवरा गेला, बोट विकली. मागच्या महिन्यात बोईसरच्या बाजारात तो मेकॅनिक माझ्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवा बसला, केस पार पिकलेले. “वहिनी, तेवढं सांगा, माझं काय चुकलं होतं हो?” गावभर तोंड चालवणारी मी म्हणाले, “बोंबील ताजे हायत, घेऊन जा.” आता मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसते, तरी पिकल्या केसांचा कुणीही वाकला की माझा हात पाटीतच थांबतो.