कोऱ्या लाकडावरचा डावा हात

वडिलांची, आबांची, दोन नळीची बंदूक माझ्या नावावर व्हावी म्हणून नदीकाठच्या शेतातला माझा वाटा मी सोडला. थोरल्या भावाने, नानाने, ना-हरकतीच्या कागदावर लगेच सही केली. गाव हसलं. केळीच्या व्यापारात ज्याने कधी कोणाला रुपया जास्त दिला नाही, तो जुन्या लोखंडापायी काळी जमीन देतो! मी हसू दिलं. रावेरच्या बागेत रानडुकरं येतात, असं परवान्याच्या अर्जात लिहिलं. येतातही. पण कारण ते नव्हतं.

मी सात वर्षांचा होतो. दसऱ्याच्या आधी आबांनी बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, घासून कोरा केला होता. पॉलिश व्हायचं होतं. पूजेच्या वेळी मी ओल्या कुंकवात हात बुडवला आणि त्या लाकडावर ठेवला. डावा हात. मी डावखुरा, आजही चेकवर सही डाव्यानेच करतो. आबांनी सगळ्या भावकीसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "पूजेला डावा हात लावतो? घासून टाकतो हे आत्ताच्या आत्ता." पुढच्या दसऱ्यापासून पूजेचा मान नानाचा, आणि मी बंदुकीजवळ फिरकायचं नाही. सोळाव्या वर्षी घर सोडलं, रावेरला केळीचे ट्रक भरले. जे उभं केलं ते याच हाताने. गेल्या वर्षी आबा गेले, तोवर आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

परवाना झाला तेव्हा बंदूक, आबा गेल्यापासून, धुळ्यात बंदुकांच्या दुकानात जमा होती. दुकानदाराने फक्त दस्ता सोडवून हातात दिला. "लाकूड नीट करून आणा, मग जोडून देतो." पॉलिश काळंकुट्ट झालं होतं. मला ते लाकूड नव्यासारखं हवं होतं, आबांचा हात कधी लागलाच नाही असं. फर्निचरचं पॉलिश करणारा एक मिस्तरी गाठला. त्याचा भाव ऐकून मी भडकलो.

"एवढ्यात अख्खा पलंग पॉलिश होतो, मिस्तरी!"

"मंग पलंगच लई या ना भाऊ. पलंगवाला इतलं भांडतस नहीत."

भाव निम्म्यावर आणला, आणि काम होईस्तोवर समोर स्टूल टाकून बसलो.

त्याने पॉलिश काढायचं औषध लावलं. पॉलिशला फोड आले आणि पात्याने ते काळ्या सायीसारखं निघू लागलं. उग्र वासाखालून दुसरा वास आला, तंबाखूचा आणि तेलाचा. आबा घरात शिरले की यायचा तसा. मी उगाच मागे वळून पाहिलं.

"भाऊ, आठे देखा," मिस्तरी म्हणाला. "हाऊ धाकला पोऱ्याना हात शे."

फिकट, विटकरी. पाच बोटं आणि अर्धा तळवा. अंगठा उजवीकडे, म्हणजे हात डावा. मी माझा पंजा त्यावर ठेवला, तर ते सगळं झाकून गेलं.

आबांनी घासलं नव्हतं. त्यावरूनच पॉलिश मारलं होतं. लपवायला मारलं की राहावं म्हणून, ते लाकडावरून कळत नव्हतं. मी तिथूनच नानाला फोन लावला. "मला मारलं त्या दसऱ्याला, नंतर आबांनी दस्त्याचं काय केलं?"

"कोणता दसरा? आबानी तुले कधी हात लावा नही. तुन्हा डोकामा काय भरेल शे?" त्याने फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. "घास," मी मिस्तरीला म्हणालो.

"भाऊ, जरासा..."

"घास म्हटलं ना!"

त्याने पॉलिश पेपर चार वेळा फिरवला. करंगळी गेली. त्याच्या मांडीवर लाल भुकटी पडली, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. उरलेलं गेलं असतं, तर त्या दसऱ्याला साक्षीदार मी एकटाच राहिलो असतो, आणि नानाने मला वेडा ठरवलं असतं.

"पॉलिश नको. नुसतं अळशीचं तेल लाव."

तेल लागताच ती चार बोटं ओली दिसू लागली, आत्ताच कोणी हात उचलल्यासारखी.

बंदूक जोडून घरी आणली. तिचं कपाट उघडण्याआधी मी खोकतो, आत कोणी बसलं असावं तसा. भर दुपारीसुद्धा. बायको हसते. मी तिला हाताचं सांगितलेलं नाही.

दसऱ्याला नाना आपट्याची पानं घेऊन रावेरला आला. थोरला म्हणून पूजा त्यालाच करायला सांगितली. पाटावर बंदूक होती. कुंकवाचं बोट घेऊन तो वाकला आणि थांबला.

"पाच व्हतात ना," तो म्हणाला. "करंगळी कोठे गयी?"

 आपण काय बोललो ते त्याच्या उशिरा ध्यानात आलं. बोट तसंच हवेत राहिलं, कुंकू पाटावर गळलं. तो पानं शोधायला पिशवीत हात घालू लागला.

मी पूजेचं ताट बाजूला सारलं, दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलो.

"बोल, नाना."