मिठाच्या जागी कोथिंबीर

ताटात मीठ वाढण्याची जागा ठरलेली असते: वर, मधोमध. दहिवलीतल्या आमच्या घरी एका सोमवारी मी ती जागा रिकामी ठेवली आणि घरात धुसफूस सुरू झाली.

कारण साधे होते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तांदूळ निवडताना खडा त्यांना दिसत नसे, फक्त बोटांना लागत असे. शस्त्रक्रियेसाठी आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा रक्तदाब वाढलेला म्हणून परत आलो. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि बजावले, "मीठ निम्म्यावर आणा. दाब उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवते. सूचना मिळाली की तिचा अंमल करायचा, ही माझी सवय. पापड, लोणचे, सुकट मी एकाच दिवशी बंद केले आणि आमटीतले मीठ निम्मे केले. सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट सारले.

"नोकरी करतेस ना गं? मग मिठाला महाग झालीस व्हय?" आणि मग शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "सुनेनं माझं मीठ बंद केलं हो!"

चौथ्या दिवशी धुवायला घेतलेल्या लुगड्याच्या पदराला गाठ सापडली. गाठीत ओलसर मीठ होते. मला राग आला नाही, कारण चूक माझीच होती. वर्गात एखादी सवय सोडवायची तर मी तिच्या जागी दुसरी देते. घरी मात्र मी नुसती जागा रिकामी केली होती.

त्या जागी मी कोथिंबीर आणली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोथिंबीर हे रक्तदाबाचे औषध नव्हे. गोळ्या नियमित चालूच होत्या. तिचा खरा उपयोग असा, की तिच्या वासामुळे आणि सोबतच्या लिंबाच्या आंबटपणामुळे जिभेला मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणून मी आमटीतले मीठ आधी जुन्या मापावर नेले, मग ते दर आठवड्याला चिमटीने उतरवले आणि कोथिंबीर मुठीने वाढवली. पाने उकळत्या आमटीत घातली तर वास वाफेबरोबर जातो. भांडे उतरवल्यावरच ती घालावीत. देठ फेकू नयेत, चव त्यांच्यातच अधिक असते. देठ, हिरवी मिरची, लसूण आणि लिंबू यांची बिनमिठाची चटणी करून मी ती मिठाच्या जागी वाढली.

सासूबाईंनी बोट लावून चाखली. "तुला वाटायला येत नाय. देठ ठेचायचं असतंय, त्याचं पाणी नाय करायचं!"

दुसऱ्या दिवशी खलबत्ता त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला. आठवडाभरात मागच्या अंगणात जुन्या घमेल्यात धनेही पेरले, दाण्याच्या दोन फाका व्हाव्यात म्हणून रीतसर चपलेखाली रगडून. दिसत नव्हते तरी जुडी हुंगून ती कालची की आजची, हे त्या अचूक सांगत.

दोनेक महिन्यांनी खोपोलीला नणंदेच्या घरी बारशाला गेलो. सासूबाईंनी आमटीचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"काय गं, मिठाची पिशवी फुटली काय आमटीत?"

नणंद गोंधळली. "आई, नेहमीचंच मीठ हाय. तुझंच माप!"

"मग माझं माप चुकत व्हतं."

मी मान खाली घालून जेवत राहिले. शिक्षिकेने जिंकल्यावर मोठ्याने हसू नये, हा संकेत मी कसाबसा पाळला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी दाब दोनदा मोजला. पहिल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना.

"काय केलंत, आजी?"

"गोळ्या तुमच्या," सासूबाई म्हणाल्या, "चटणी माझी."

मी कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही. शस्त्रक्रियेचा दिवस तिथेच ठरला.

एका डोळ्याची पट्टी निघाली, त्या दुपारचे ताट मी वाढले; चटणीही त्या दिवशी मीच केली होती. सासूबाईंनी ताट जवळ ओढून बराच वेळ पाहिले. मग चटणीतला एक देठ चिमटीत उचलून माझ्यासमोर धरला.

"एवढा जाड ठेवलास? आता दिसतंय हां मला सगळं!"