सरळ रेघा

गाडीच्या रंगावर हात फिरवण्याआधी तो बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायचा. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. धुतलेल्या गाडीच्या रंगातही रुतून बसलेली धूळ वाळूसारखी खरखरते. जुन्या गाड्यांचा उडालेला रंग उजळायचं हे काम तो चाळीस वर्षं करत होता. पत्र्यात पुन्हा तोंड दिसेपर्यंत सोडत नसे, म्हणून लोक त्याला ‘आरसेवाले’ म्हणत.

बोटं अशी हळवी, जीभ मात्र पॉलिशपेपर. त्याची बायको म्हणायची, “पॉलिशपेपरसुद्धा पाण्यात भिजवून वापरतात. तुमची जीभ कोरडीच चालते.”

त्या कोरड्या जिभेनं एक माणूस कायमचा दुखावला होता.

अकरा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीचे यजमान, त्याचे भाऊजी, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भाऊजी दारात आपली निळी गाडी पुसत होते, रोजच्यासारखीच. कोरडं फडकं, गोल गोल हात आणि वर जोर. आरसेवाल्याला राहवलं नाही.

“भाऊजी, गाडी पुसताय की कढई घासताय?”

सगळे हसले. तसा त्याला चेव आला. “फडकं ओलं घ्या. हात सरळ, पुढून मागे. पाटीवर गिरवल्यासारखे गोल काय काढताय!”

पुन्हा हशा झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसानं फडक्याची नीट घडी केली, ती बॉनेटवर ठेवली आणि तो आत निघून गेला.

त्यानंतर भाऊजी त्याच्याशी बोलले नाहीत. सहा महिन्यांनी तो माफी मागायला गेला, तेव्हा ताई दारातच म्हणाली, “झोपलेत रे.” आत रेडिओवर बातम्या चालू होत्या आणि कुणीतरी आवाज कमी केला. मग त्याच्याही मनात अढी बसली. वर्षं अशीच सरली. गेल्या वर्षी भाऊजी आजारी पडले तेव्हा तो हॉस्पिटलच्या जिन्यापर्यंत गेला होता. आपल्याला बघून त्यांना त्रास झाला तर, या विचारानं पायरीवर घटकाभर बसला आणि परत फिरला. चार दिवसांनी ते गेले.

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला सलत होती. जाताना ते आपल्यावर रागावलेलेच होते का? आणि हे आता विचारायचं तरी कुणाला?

एका सकाळी ताईनं शेजाऱ्याला चालवायला लावून तीच गाडी त्याच्या शेडमध्ये आणली.

“पोरगी परवा येतेय ही न्यायला,” ती म्हणाली. “वर्षभर उन्हात उभी होती. बघ ना, राख फासल्यासारखी झालीय. अशी तिच्या हातात कशी देऊ? उजळेल ना?”

त्यानं पिशवीतली बोटं दारावरून फिरवली. “उजळेल. पण रंग पातळ झालाय. घासून घासून…” बोलता बोलता त्यानं जीभ चावली. ताईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

त्यानं गाडी धुतली. चिकणमातीसारखा मऊ गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवून रुतलेली धूळ उचलली. कडांवर कागदी टेप लावली. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, पॉलिशचं मशीन तिथंच खातं. मग उन्हानं बॉनेटच्या रंगावर आलेली पांढरी भुकटी हातानंच काढायला घेतली. फडक्याला निळा रंग लागत गेला. भुकटीखालचा रंग दिसू लागला तसा त्यानं दिवा लावला आणि अगदी खाली, पत्र्याला लागून तिरका धरला.

कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. ते दिसणार हे त्याला ठाऊकच होतं. पण त्यांच्या वर आणखी काहीतरी होतं. बारीक, नवे, सरळ ओरखडे. पुढच्या दिव्यापासून काचेपर्यंत, एकाशेजारी एक. त्यानं दारं पाहिली. तिथंही पुढून मागे. मग दुसरं स्टूल ओढून छप्पर पुसून पाहिलं. मधोमध दोन बोटांची पट्टी सोडली तर तिथंही सरळ रेघा. भाऊजी बुटके होते. त्यांचा हात दोन्ही बाजूंनी तेवढाच पोचत असणार.

त्यानं दिवा बंद केला.

“ताई, भाऊजी गाडी कशी पुसायचे गं?”

“कशी म्हणजे? बादली घेऊन.”

“बादली?”

“ओलं फडकं करून. सरळ, सावकाश. तासभर चालायचं. मी म्हणायची, आधीचं काय वाईट होतं? पटकन आटपायचं तरी. तर म्हणायचे, वैद्यांनी सांगितलंय.”

“कुठल्या वैद्यांनी?”

“मला काय माहीत! मला वाटलं, खांदा दुखतो त्यावरचा व्यायाम असेल…” ताई बोलायची थांबली. त्याच्या हातातल्या निळ्या फडक्याकडे बघत राहिली.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बादली आणली की रे.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीस?”

“मला तरी कुठं कळलं होतं? तुझं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. गाडी पुसायला.”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती काही चालू होईना.

मग तो मशीनपाशी गेला, वायर सोडवली, पुन्हा गुंडाळली. ओरखडे काढणं हेच तर त्याचं काम होतं, आणि गोल तेवढे काढून सरळ ठेवणारं मशीन अजून कुणी बनवलं नव्हतं. तो परत ताईपुढे येऊन उभा राहिला.

“बॉनेट असंच ठेवू का? रंग पातळ आहे. उगाच धोका नको.”

ताईनं त्याला लहानपणापासून खोटं बोलताना पाहिलं होतं.

“तू त्यांना एकदा चारचौघांत नापास केलंस,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आता अर्धवट गाडी पाठवून पुन्हा करणारेस?”

त्यानं मशीन बाजूला सारलं. सगळी गाडी हातानं केली, पुढून मागे. हात भरून आले की थांबायचा, दुसरं फडकं घ्यायचा. छपराच्या मधली दोन बोटांची पट्टीही त्यानं सोडली नाही. ऊन शेडच्या दारातून आत सरकलं आणि परत गेलं, तोवर पाच फडकी निळी झाली होती.

ताई उठून बॉनेटजवळ आली. निळ्या पत्र्यात पाहून तिनं सवयीनं केस सारखे केले आणि मग पदर तोंडाशी धरला. त्यानं दुसरीकडे बघून टेपचे तुकडे गोळा केले.

“पोरीला पुसायचं कसं ते सांगून ठेव,” ती जरा वेळानं म्हणाली.

“तूच सांग. माझ्या तोंडून नको.”

ती पाणी प्यायला नळाकडे गेली, तेव्हा त्यानं दिवा पुन्हा लावला आणि खाली, तिरका धरला. गाडीच्या पुढच्या दिव्यापासून काचेपर्यंत सावकाश नेला. मग दुसऱ्या बाजूनं परत आणला. एकही रेघ उरली नव्हती. त्याचं स्वतःचं तोंड तेवढं होतं, लख्ख.