अकरा नंबरच्या बंदुकीचा दुसरा कान

गणपती उठल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वहिनींचा, म्हणजे श्रीरंगच्या बायकोचा, फोन आला. श्रीरंग रात्री जेवून झोपला होता, तो सकाळी उठलाच नाही. साताऱ्याहून सांगलीला पोचायला मला पावणेतीन तास लागले. घाटावर दोनशे चौदा माणसं होती. मी मोजली. कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढल्यावर मोजल्याशिवाय राहवत नाही, हे खरं. पण त्या दिवशीच्या मोजण्यामागं दुसरंही काही होतं. त्या गर्दीत त्याचे जुने विद्यार्थी होते, कोपऱ्यावरचे रिक्षावाले होते, आणि आष्टा, आटपाडीकडची अशी माणसं होती ज्यांच्या घरी आम्ही दोघंही वर्षानुवर्षं जात आलो. त्यांच्यातल्या एकानंही मला ओळखलं नाही. चिता पेटली तेव्हा मी मनात माझा आकडा काढत होतो. तो साठाच्या वर जाईना.

श्रीरंग माने आणि मी कोरेगावच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढं तो सांगलीत चित्रकला शिक्षक झाला, मी साताऱ्याला नोकरीला लागलो. जुन्या बंदुकांचा नाद मूळचा माझा. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी सासुरवाडीत होतो, तिथं शेजारच्या घरी पूजेत एक विचित्र बंदूक मांडलेली दिसली. तोड्याची, म्हणजे पेटत्या सुतानं उडवायची. पण तिच्या नळीमागं सहा खणांचा एक लोखंडी गोळा होता, हातानं फिरवायचा. एका गोळीनंतर दुसरी ठासेपर्यंत समोरचा माणूस अंगावर येतो, ही जुन्या शिपायाची सगळ्यात मोठी अडचण. ती सोडवायला जगभरच्या कारागिरांनी डोकी चालवली. कुणी नळ्या वाढवल्या, कुणी फिरते खण केले, कुणी एकाच नळीत एकामागं एक दोन बार भरले. बहुतेकांचं काम पहिल्या नगावरच थांबलं. जिचा दुसरा नग कधी झाला नाही अशी बंदूक मला त्या दिवसापासून झोपेतही दिसायला लागली. मी श्रीरंगला फोन करून बोलावलं. हे इथं मुद्दाम लिहितो, कारण पुढं सगळे त्यालाच विचारायचे की हा छंद तुम्हाला लागला कसा.

अशा बंदुका बघायला मिळतात त्या खंडेनवमीला. एरवी त्या निकामी करून, कागदपत्रांसकट माळ्यावर किंवा कपाटामागं असतात. नवमीला पाटावर येतात, हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. पूजेतली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नाही, आणि कुंकू पुसायचं तर मुळीच नाही. म्हणून मी पाटाशी वाकून, वस्तूला धक्का न लावता मापं घ्यायचो. नळीची लांबी, तोंडाचा व्यास, कुंद्याची, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्याची, जाडी. बावीस वर्षांत माझ्या वहीत त्रेसष्ट बंदुका झाल्या. श्रीरंग चित्र काढायचा, तेही अर्धं. उरलेला वेळ तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गप्पा मारत बसायचा. त्याला पुरणपोळी आग्रहानं वाढली जायची, मला विचारलं जायचं, 'तुमी घेनार का?' परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या सीटवरून तो म्हणायचा, "गड्या, तू बंदुकीचा शिंपी हायस. मापं घेतोस, पर कापड कुणाचं ते इचारत न्हाईस." मी हसायचो. माझ्या मापांशिवाय त्याच्या चित्रांना कोण विचारणार, असं मला वाटायचं. लोक मात्र चित्रंच विचारायचे.

वहीतली अकरा नंबरची बंदूक आष्ट्याच्या ताराकाकींच्या घरची. ती मी सलग सहा वर्षं मोजली. नळी अकराशे अठ्ठावीस मिलिमीटर, तोंड पंधरा पूर्णांक दोन. शेरा: साधी तोड्याची बंदूक, विशेष काही नाही. सातव्या वर्षी श्रीरंग मला न सांगता अष्टमीलाच तिथं गेला. पूजेच्या आदल्या दिवशी घरातल्या बायका हत्यारं पुसायला काढतात. तो काकींच्या शेजारी बसून चिंधीनं नळी पुसू लागला, तेव्हा काकी म्हणाल्या, "तिचा म्होरला कान बी मोकळा करा, सर. मला आता दिसत न्हाई." नळीतल्या दारूला आग पोचवायचं जे भोक असतं, त्याला जुनी माणसं कान म्हणतात. बंदुकीला तो एकच असतो. या बंदुकीला नेहमीच्या कानापुढं चौऱ्याहत्तर मिलिमीटरवर दुसरा होता, कुंकू आणि मेणानं बुजलेला. एका नळीत दोन बार. आधी पुढचा उडवायचा, मग मागचा. कुणा लोहारानं करून पाहिलेला एकुलता एक नमुना, आणि मी सहा वेळा त्याच्यावरून टेप ओढली होती.

त्याचा फोन आला. "गड्या, तुझ्या अकरा नंबरला दोन कान हायत."

मी म्हणालो, "बरं."

"बरं काय रं? लय मोठी गोष्ट हाय ही. दोघांच्या नावानं लिहू."

मी म्हणालो, तू लिही. त्यानं लेख लिहिला, तो एका मासिकात आला. चित्रं सुंदर होती. शेवटी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'मापं: एका मित्राची.' नाव संपादकांनी गाळलं, असं तो म्हणाला. असेलही...

पुढच्या वर्षी अशा दुर्मिळ बंदुकांवर पुस्तक करणाऱ्या पुण्याच्या एका अभ्यासकांनी मला विचारलं, 'तुम्ही मापं घेतलीत. दुसरा कान मूळचा वाटतो का?' मी कळवलं, 'तो नंतर पाडलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' माझ्या आयुष्यातलं एकही माप मी खोटं लिहिलेलं नाही. त्या वाक्यातही एकही आकडा नव्हता. पुस्तक आलं, त्यात अकरा नंबर नव्हता. श्रीरंगनं त्यासाठी नऊ चित्रं करून ठेवली होती. तो मला म्हणाला, "का वगळली असंल रं?" मी म्हणालो, "जागा नसेल." त्यावर त्यानं चहा मागवला, आणि पैसेही त्यानंच दिले.

या वर्षी मी पहिल्यांदा अष्टमीची रजा टाकली आणि आष्ट्याला एकटा गेलो. ताराकाकी बराच वेळ बघत राहिल्या. "सरांच्या मागं गाडीवर बसायचे, त्येच न्हवं तुमी?" त्या म्हणाल्या. गाडी माझी होती आणि चालवायचो मी, हे मी सांगितलं नाही. त्यांनी चिंधी, तेलाची वाटी आणि गोधडी शिवायची सुई माझ्यापुढं ठेवली.

"बसा हितं. सर हितंच बसायचे."

पोर्चमधल्या फरशीवर मी मांडी घातली. वर्षभराचं कुंकू सुईनं काढलं, भिंग लावलं. नंतर पाडलेल्या भोकाची कड कोरी राहते. याची कड आतल्या बाजूनं जाळानं खाल्लेली होती, मागच्या कानाची होती अगदी तशीच. दोन्हीतून आग गेली होती. मी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना मला काय सापडावंसं वाटत होतं, ते लिहायची लाज वाटते.

"काय दिसलं?" काकींनी विचारलं.

"सरांचं बरोबर होतं. कान मूळचाच आहे."

"मग, ते आमाला ठावंच हाय की," त्या म्हणाल्या. "सर म्हनायचे, माजा दोस्त मापाचा पक्का हाय, त्यो हो म्हनल तवा पक्कं. तुमीच व्हय त्ये?"

मी हो म्हणालो. त्यांनी चहा आणला, आणि सर गेल्याचं कळलं त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, हे सांगताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी चहा पीत होतो. माझ्यासाठी कुठल्या घरी चूल थांबेल, याचा हिशेब त्याही वेळी माझ्या मनात चालूच होता.

दसऱ्यानंतर मी पुण्याला सविस्तर लिहिलं. दोन्ही कानांचे व्यास दिले, कडांचे फोटो जोडले, आणि माझं आधीचं मत निराधार होतं, ते मी मागं घेतो, असं स्पष्ट लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत ही बंदूक चित्रासह घेऊ, आपण लावलेल्या या शोधाबद्दल अभिनंदन, आपलं नाव कसं छापावं ते कळवा. त्यांना श्रीरंगचा लेख आठवतही नव्हता.

ते उत्तर मी आणखी चार दिवस तसंच ठेवलं. बायकोला दाखवलं नाही. रोज कामावरून आलो की उघडून वाचायचो. 'आपण लावलेल्या'... तेवढेच दोन शब्द पुन्हा पुन्हा.

पाचव्या दिवशी मी नाव कळवलं. श्रीरंग माने, चित्रकला शिक्षक, सांगली. चित्रं वहिनींकडे आहेत, त्यांचं मानधन वहिनींना द्यावं. मापं कुणाची, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी तेही लिहिलं, पूर्ण नावासह.