डब्याच्या झाकणावरचं घर

आमच्या घराला मागची बाजू नव्हती. म्हणजे भिंत होती, पण तिला दार नाही, खिडकी नाही. कारण इतकंच, की डब्याच्या झाकणावर घराची पुढचीच बाजू काढलेली होती.

डबा बिस्किटांचा. हिवाळ्यात फिरतीवर येणाऱ्या गोऱ्या साहेबाचा तंबू आमच्या गावाबाहेर चिंचेखाली पडायचा. माझे वडील, आबा, गावचे पाटील, त्यामुळे त्याची बडदास्त आमच्याकडे. एका वर्षी जाताना त्याने रिकामा डबा आबांना भेट दिला. झाकणावर विलायतेतल्या कुणा शेतकऱ्याचं जुनं घर होतं. उतरतं छप्पर, वर धुरांडं, धुरांड्यातून धूर. आबांनी ते झाकण देवघरात ठेवलं आणि होळीनंतर काय मनात आलं कोण जाणे, आमचं चांगलं धाब्याचं घर पाडायला काढलं. त्या धाब्याच्या सपाट मातीच्या छतावर आम्ही उन्हाळाभर झोपायचो, माय तिथेच ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालायची. उतरत्या छपरावर बिबड्या कशा घालायच्या, हे तिने विचारलं. आबा शहाद्याला गवंडी बघायला निघून गेले.

शहाद्याहून गवंडी आला. झाकण हातात धरून तो वीट लावायचा. पुढची बाजू झाली तसा तो आबांकडे आला.

"पाटील, मांगे काय शे?"

"चित्रमा दिखस का?"

"नही."

"मंग काहीच नही."

झालं. छप्पर चित्रात पांढरं, म्हणून कौलांना चुना फासला. ते बर्फ होतं हे आम्हाला फार पुढे कळलं, तोवर पावसाने अर्धा चुना अंगणात आणून ठेवला होता. धुरांडंही चित्रात बाहेरूनच दिसत होतं, तेव्हा गवंड्याने ते बाहेरूनच बांधलं. कौलांवर भरीव विटांचा खांब, खाली काही नाही. आमची चूल मात्र घरात धुमसत राहिली. धुराची आणि धुरांड्याची कधी गाठच पडली नाही.

पुढच्या हिवाळ्यात साहेब आला तेव्हा सालदाराला शिडीवरून वर चढवलं होतं. तो खांबाआड बसून घमेल्यात गोवऱ्या पेटवत होता आणि खोकत होता. साहेबाने तो धूर बघून टोपी काढली. त्याचं नाक लाल झालं. तो मराठी पुस्तकातून शिकलेला होता, आमच्या मास्तरांपेक्षा शुद्ध बोलायचा.

"पाटील, माझी आई अशाच घरात राहते," तो म्हणाला. "आमच्या देशात अशा जुन्या घराचा एक दगडही कोणी हलवू शकत नाही. कायदा आहे."

आमचं घर तेव्हा वर्षाचंही नव्हतं. पण साहेबाच्या तोंडून कायदा हा शब्द निघाला होता, आणि आबांच्या लेखी ते पुरेसं होतं. त्यांनी पाटी रंगवून आणली: हे घर कायद्याने सुरक्षित आहे. फेरफार करू नये. ती दाराला लावायची तर खिळा ठोकावा लागणार, आणि खिळा ठोकणं म्हणजे फेरफार. म्हणून पाटी सुतळीने बांधली. मायला खुंटी ठोकायची बंदी झाली. पाळण्यासाठी आढ्याला कडी मारायची नाही असं ठरलं, आणि नेमके तेव्हाच मायला दिवस गेलेले होते.

भर वैशाखात माझा भाऊ जन्मला. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना मागच्या खोलीत, वारा न लागता. खाटेखाली शेगडी, बाळाला ओव्या-शेपाची धुरी, उशाला बाहेरची बाधा लागू नये म्हणून विळा. जुन्या घरात धाब्याला भोक होतं, धूर त्यातून जायचा. इथे वर कौलं, कौलांवर पांढरा थर, थरावर तो खांब. धूर खोलीतच फिरून पोराच्या छातीत बसू लागला. आठव्या दिवशी त्याला रडायचीही ताकद उरली नाही, नुसता घरघर आवाज. मायने दारातून आबांना सांगितलं, "मांगनी भिंतले भोक पाडा. पोरले धूर चढी ऱ्हायना."

"साहेबले काय सांगू? मन्ही पाटीलकी जाई," आबा म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

मला त्यांचा असा राग आला की आजही येतो.

जरा वेळाने आतून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. माय उशाचा विळा घेऊन विटांमधली माती उकरत होती. आठ दिवसांची बाळंतीण, घामाने निथळलेली. आबा धावत आले. पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं, ते सरळ आत गेले. पोराकडे पाहिलं. पोराचे ओठ काळे पडले होते.

"सरक," एवढंच म्हणाले, आणि पहार आणायला गेले.

भोक चांगलं बैलाच्या तोंडाएवढं झालं. धूर त्यातून भसाभस निघाला, आणि पोरगं रडलं. माय तशीच भिंतीला टेकून हसत बसली. पुढे त्यातून ऊन येऊ लागलं, तेव्हा आबांनी पाटी सोडून आणली आणि त्या भोकाला झडप म्हणून सुतळीने बांधली.

हिवाळ्यात साहेब पुन्हा आला. आबांनी तीन थापा तयार ठेवल्या होत्या: बैलाने शिंग मारलं, वीज पडली, तापीचा पूर आला. तापी आमच्यापासून पाच कोसांवर. साहेब घरामागे वळू नये म्हणून ते त्याच्या पुढे पुढे नाचत होते, पण साहेबाला तर मागची बाजूच बघायची होती. तो मागे गेला आणि थांबला. आतून मायच्या कडेवर बसून, पाटीची एक कड धरून, तिच्याखालून डोकं काढून माझा भाऊ बाहेर बघत होता.

साहेबाने पाटी मोठ्याने वाचली. मग आबांना विचारलं, "पाटील, येथे काय सुरक्षित आहे?"

आबांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बैल येणार.

"मन्हा आंडोर, साहेब."

साहेबाच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. तो माझ्याकडे बघू लागला.

"माझा भाऊ," मी म्हणाले.