हल्ली मुक्काम

"घाई नका करू. कागद काय कुठं पळून चालला न्हाई," असं म्हणून मुन्शीजी आधी चपला काढायचे. मग समोरच्या माणसाने आणलेला जुना उर्दू कागद टेबलावर पसरायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत मनात वाचल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीत. लातूरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल होतं. समोरचा माणूस घाईत, आत साहेब जेवायला उठायच्या बेतात, आणि हे अनवाणी बसून वाचताहेत. तुम्ही कधी कचेरीत खेटे घातले असतील तर असा एखादा माणूस पाहिलाच असेल, आणि त्याच्यावर चिडलाही असाल. पहिल्या दिवशी, घराचा एक जुना कागद घेऊन गेलो तेव्हा, मीही जाम चिडलो होतो.

निजामाच्या काळातले जमिनीचे बरेच कागद उर्दूत आहेत. ते सरकारदरबारी दाखवायचे तर मराठी तर्जुमा लागतो, म्हणजे शब्दाला शब्द भाषांतर. मुन्शीजींचे वडील त्या काळी कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे कारकून, होते आणि त्यांच्याच हाताखाली मुन्शीजी उर्दू आणि फारसी शिकले. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. पुढे ज्या परदेशी माणसाचा विषय येईल त्याचंही नाव लिहिणार नाही, देशही सांगणार नाही. नाव लिहिल्याने काय होतं ते मुन्शीजींनी आणि मी पाहिलं आहे.

मी एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. पूर्वी तिथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह छापला जायचा. मग शहरात गल्लोगल्ली शिकवण्या सुरू झाल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पोरांचे पानभर फोटो, आणि आमच्याकडे भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या नोट्सचे गठ्ठे. जे मराठीचे प्राध्यापक आमच्याकडे कथा छापायला यायचे, तेही एका क्लासचे व्यवस्थापक झाले. त्यांना कशाला नावं ठेवू? मीही दिवसभर बेंझिनचे षटकोन वाचत होतो आणि संध्याकाळी बायकोशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नव्हतं.

किल्लारीचा भूकंप झाला आणि मुन्शीजींच्या टेबलापुढे रांग लागली. घर कुणाचं, जमीन कुणाची, हे लोकांना पुन्हा सिद्ध करायचं होतं, आणि कागद ढिगाऱ्यातून काढलेले. माती झटकायला जावं तर कोपराच गळून पडायचा. जिथे कागद गेला असेल तिथे मुन्शीजी "येथे कागद फाटला आहे" एवढंच लिहायचे. अंदाजाने शब्द भरायचे नाहीत.

"मुन्शीजी, एवढं एक नाव टाका की. माझ्या आज्याचंच हाय ते."

"आसंल. पण कागद बोलत न्हाई तवर मी कसा बोलू?"

प्रत्येक तर्जुम्याच्या शेवटी त्यांचा ठरलेला मजकूर यायचा. मूळ लिहिणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, मूळ गाव, हल्ली मुक्काम. खाली तर्जुमा करणाऱ्याची सही. एखादा शब्द खोडावा लागला तर खोडलेल्या जागेशेजारी आणखी एक सही. चाळीस वर्षं त्यांचा हात हेच लिहीत आला होता.

भूकंपाला तीनेक वर्षं झाली असतील. मुन्शीजी पुतण्याच्या सासरी नांदेडला गेले आणि परत आले ते थेट छापखान्यात, माझ्या टेबलाशी. "भाऊ, नांदेडात एक पोरगा भेटला. बेकरीत भट्टीवर काम करून राहिला. फारसीत शायरी करतो, फारसीत!"

पोरगा म्हणजे चांगला तिशीचा माणूस. शिकायला म्हणून आपल्याकडे आला होता. मागे त्याच्या देशात सत्ता बदलली. त्याच्या कविता छापणाऱ्याला पकडून नेलं आणि याला घरून निरोप आला, परत येऊ नकोस. शिक्षण सुटलं. बेकरीत तो दुसऱ्याच नावाने राहत होता. मुन्शीजींना मात्र त्याने खरं नाव सांगितलं, कारण कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्याच्या भाषेत त्याला "बस, चहा घे" म्हणालं होतं.

मग दर रविवारी मुन्शीजी नांदेडची एसटी धरू लागले आणि मलाही ओढून नेऊ लागले. बेकरीच्या वरच्या खोलीत कवी कविता म्हणायचा, मुन्शीजी शेवटपर्यंत ऐकायचे. अडचण त्यांच्या फारसीची होती. "मला बांधाची फारसी येती, विहिरीची येती, वाटणीची येती. मुहब्बतीची न्हाई येत. वालिदांनी शिकवलीच न्हाई," असं म्हणून ते लाजायचे. एकदा एका शब्दाशी गाडी अडली, तेव्हा कवीने पिठाच्या परातीत पंजा दाबला, उचलला आणि मागे राहिलेला ठसा दाखवला. मुन्शीजींनी बराच वेळ त्याकडे पाहून "खूण" लिहिलं. मग ते खोडून "वण" लिहिलं, आणि शेजारी सही केली. कवितेच्या कच्च्या कागदावरसुद्धा!

घरावरची कविता त्यांच्या मराठीत अशी उतरली: पूर्वेस नदी, दक्षिणेस चुलत्याचे शेत, पश्चिमेस मशीद, उत्तरेस मला जाता येत नाही. मुळात हे याच क्रमाने आहे का, असं मी विचारलं. कवी हसायला लागला. "मैंने तो बिखेर के लिखा था. चाचा ने नक़्शा बना दिया."

परीक्षांचा हंगाम संपल्यावर मालकांनी नोट्सच्या उरलेल्या कागदावर बत्तीस पानांची पुस्तिका छापू दिली. मुखपृष्ठावर कवीचं टोपणनाव होतं. खरं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही हे आम्हा तिघांत दहा वेळा बोलून झालं होतं. तरी शेवटच्या पानावर, शेवटच्या कवितेखाली, मुन्शीजींच्या हाताने आपलं काम केलं. कवीचं खरं नाव, बापाचं नाव, मूळ गाव. हल्ली मुक्काम: बेकरीचं नाव, गल्ली, नांदेड. खाली सही. आणि ते पान मी तपासलं. मला स्पष्ट आठवतं, "मुक्काम"मधला अर्धा क सुटला होता, तो मी घातला. वेलांट्या बघितल्या, मात्रा बघितल्या आणि पान ठीक आहे म्हणून पुढे सरकवलं. त्या दिवशी माझ्यासमोर रसायनशास्त्राचे दोनशे प्रश्न पडले होते. ही सबब म्हणून सांगत नाही, फक्त सांगतो.

पुस्तिका लातूर, निलंगा, नांदेड अशी हातोहात गेली. कुणा रसिकाने कौतुकापोटी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानाला एक कविता पाठवली, खालच्या मजकुरासकट. ती तशीच छापून आली. तिसऱ्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं बेकरीत येऊन खऱ्या नावाने चौकशी करून गेली. कवी तेव्हा मैदा आणायला गेला होता म्हणून सापडला नाही. ती माणसं कोण होती ते आजतागायत कळलेलं नाही. पण महिन्याच्या आत त्याच्या गावाहून फोन आला, की धाकट्या भावाला घरातून उचलून नेलंय.

कवी भर दुपारी लातूरला आला. मी तेव्हा टेबलाशीच होतो. त्याने पुस्तिका काढली आणि शेवटचं पान उघडून मुन्शीजींपुढे ठेवलं. मुन्शीजींनी नेहमीसारखं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"हे मी लिहिलं?"

"जी, चाचा." मग तो म्हणाला, "वालिद साहब का नाम छपा हुआ पहली बार देखा."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. मुन्शीजी उठले आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावर तसेच अनवाणी चालत सुटले. मी धावत जाऊन त्यांना धरून आणलं.

रांगेत किल्लारीकडचे एक अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मुन्शीजी, पाव्हण्याला माझ्याकडं धाडा. सरकारनं दोन खोल्या दिल्यात. पोरगा तर ढिगातच गेला. एक खोली रिकामी हाय."

"गावात काय सांगशीला?"

"तुमचा भाचा हाय म्हन्तो. कोन इचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. त्या नव्या गावात सगळी घरं एकसारखी, ओळीने, नंबर टाकलेली. जुन्या रहिवाशांनाच अजून आपलं दार पटकन सापडत नव्हतं, त्यामुळे आणखी एक माणूस चुकत चुकत फिरतो याचं कुणाला नवल वाटलं नाही. एका दूरच्या देशाने आसरा देईपर्यंत, म्हणजे पाच महिने, कवी तिथे राहिला. जाताना त्याने अण्णांच्या पायाला हात लावला, आणि अण्णा त्याच्या गळ्यात पडून आपल्या मुलाच्या नावाने रडले.

त्या पाच महिन्यांत मुन्शीजींनी पुस्तिका गोळा केल्या, असं म्हणता येणार नाही. ज्याला दिली त्याच्या दारात जायचं, पुस्तिका मागायची, शेवटचा मजकूर काळ्या शाईने पार बुजवायचा आणि शेजारी सही करून परत द्यायची. रविवार गेले, माझ्या सुट्ट्या गेल्या. उन्हातान्हात एसटीने फिरून ते वाळून गेले. मी एकदा वैतागून म्हणालो, "सही कशाला करता?"

"खाडाखोड केली अन् सही न्हाई केली, तर ती लपवालपवी व्हती. चूक कुणाची हे दिसाया पायजे."

निलंग्याला एका शाळेतल्या बाई अडून बसल्या. "मुन्शीजी, आमच्या लोकांची नावं धड कागदावर यावीत म्हणून आमच्या वडलांनी जन्म घालवला. आन तुम्ही नाव खोडत फिरून राहिलात?"

"बाई, नाव राहावं असं मलाबी वाटतंय. पण आधी मानूस राहू द्या."

बाईंनी पुस्तिका आणून दिली आणि शाई वाळेपर्यंत त्या दुसरीकडे बघत बसल्या.

पुढे कवीचं पत्र आलं. भाऊ सुटला होता. एका कानाने मात्र आता त्याला ऐकू येत नव्हतं. मुन्शीजींनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. "कोणचा कान ते न्हाई लिहिलं," असं ते म्हणायचे. कित्येक दिवस, कामाच्या मध्येच, एकदम: "डावा आसंल का वो, भाऊ?"

नंतर नव्या कविता येऊ लागल्या. पाकिटं मुन्शीजी जपून ठेवायचे, पण लेखणीला हात लावायचे नाहीत. "माझा हात भरवशाचा राहिला न्हाई." असं वर्ष गेलं, दुसरंही गेलं. आमच्याकडे संगणक आला, क्लासवाल्यांनी तीन तीन मजले चढवले. मी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. कचेरीबाहेरच्या रांगेतही आता फारसं कुणी उरलं नव्हतं. मग एका सकाळी मुन्शीजी छापखान्यात आले आणि त्यांनी मराठीत उतरवलेल्या अकरा कवितांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. या वेळी मी आधी शेवटचं पान उघडलं.

मूळ लिहिणाऱ्याचं नाव: मुन्शीजींचं. बापाचं नाव: पेशकारांचं. मूळ गाव: देवणी. हल्ली मुक्काम: लातूर, गल्ली, दारावरचा नंबर, समोरच्या पिठाच्या गिरणीसकट. आणि त्याखाली, "मूळ मराठीतच लिहिले आहे. तर्जुमा नाही."

"मुन्शीजी, हे खोटं आहे."

"हाव. जिंदगीतलं पहिलं."

"आणि कुणी विचारत आलं तर?"

"येऊ द्या की. पत्ता बरोबर लिहिलाय."

मी ते छापलं. कवीचे आईबाप, तो भाऊ, सगळे अजून तिकडेच होते.

विचारत मात्र भलतेच लोक आले. नांदेडहून एक साहित्यप्रेमी शाल आणि नारळ घेऊन आले. उतारवयात अशी प्रतिभा, म्हणून त्यांनी भाषण केलं. ज्या माणसाने फाटक्या कागदात कुणाच्या आज्याचं नाव भरलं नाही, तो शाल पांघरून घाम पुसत बसला होता. "कविता सुचतात कधी आपल्याला?" असं पाहुण्यांनी विचारलं. मुन्शीजी माझ्याकडे बघून म्हणाले, "दुपारी. जेवन झाल्यावर." मला हसू आलं. पाहुणे गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "लई जड जातं, भाऊ." त्यानंतर दर वेळी कुणी कौतुक केलं की ते मान खाली घालून "हाव जी, माझ्याच" म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी कवीला पत्र टाकलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: लातूरचे ज्येष्ठ कवी. मला दुरुस्ती पाठवता आली नाही.

वर्षभराने त्यांचा पुतण्या मला कब्रस्तानात घेऊन गेला. घरच्यांनी हौसेने दगड बसवला होता. नाव, वडिलांचं नाव, देवणी. आणि खाली, मोठ्या अक्षरात, "शायर". पुतण्याने विचारलं, "काका, तुम्ही प्रूफं बघता. बघा बरं, काही चुकलंय का?"

मी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे सगळं."